संत ओडिलियाचा शेवटचा बाक

७ ऑक्टोबर १९९९

फेरी झाली. माझी स्वतःची, पहिली.

उन्हाळ्यात राजवाड्यात पर्यटक फिरवणाऱ्या कंपनीने "आता जरा तरुण चेहरे हवेत, रोसविथाबाई" असं गोड बोलून मला वाटेला लावलं, तेव्हाच ठरवलं होतं की यापुढे मेलेल्यांवर पोट भरायचं. व्हिएन्नात त्यांची ददात नाही. आमच्या बादशहांचे देह कापुचिन मठाच्या तळघरात, काळजं ऑगस्टिनियनांच्या चर्चमध्ये आणि आतडी थोरल्या चर्चच्या खाली. एका माणसाला भेटायला तीन दारं ठोठवायची. या वाक्याला लोक हसतात. आज दोघंच हसले.

हानोफरहून आलेले निवृत्त लोक होते. पाऊस, ओल्या छत्र्या, दुखणारे पाय. शेवटचा मुक्काम संत ओडिलियाचा मठ. दुसरे कुणी मार्गदर्शक तिथे जात नाहीत म्हणून मी तो निवडला. मठात आता दोनच म्हाताऱ्या नन उरल्यात आणि चर्च उघडायला क्रात्की नावाचा राखणदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन येतो. पण दाखवायला काय? काळपट वेदी, नन जिच्यामागे बसत ती लोखंडी जाळी, आणि तिच्या बाजूला शेवटचा बाक. मठात पूर्वी मुलींचं वसतिगृह होतं, त्या मुली तिथे बसत. एवढं सांगून झालं तर एक बाई जांभई देत म्हणाली, "म्हणजे इथे भूत वगैरे काही नाही?"

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आहे की."

मग ते आपोआपच येत गेलं. नऊएक वर्षांची मुलगी. मोठ्या बाईचा कोट कापून शिवलेला करडा कोट, त्याला जड काळी बटणं. केस मुलासारखे कापलेले. शेवटच्या बाकावर बसते. प्रार्थना चालू असताना रुमालाचा उंदीर करते आणि पुढच्या बाकाच्या पाठीवरून पळवते. एका हिवाळ्यात तापाने गेली, तरी येते.

कुणी जांभई दिली नाही. बाहेर पडताना त्या बाईने मागे वळून बाकाकडे पाहिलं. चर्चमध्ये उभं राहून धडधडीत खोटं बोलले, याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की आजची फेरी वाचली.

आणखी एक. सप्टेंबरात जागा बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा क्रात्कीला दिव्याचं बटण सापडत नव्हतं. आत मिट्ट काळोख. तो म्हणाला, "बाईसाहेब, सांभाळून, इथे एक पायरी..." तोवर मी ती उतरलेही होते. पाय बरोबर पडला. माझे पाय माझ्याहून शहाणे आहेत म्हणायचे.

९ ऑक्टोबर

पुन्हा उंदीर. या वेळी त्याला कानही दिले. टाळ्या पडल्या. चर्चमध्ये टाळ्या वाजवू नका असं मीच दटावलं.

१७ ऑक्टोबर

रविवार, आईकडे जेवण. नेहमीचं सूप, त्यात कलेजीचे गोळे. बाबा गेल्यापासून आई बोलायची कमी झालीय, म्हणून मीच बडबडत राहते. आज माझ्या भुताची गोष्ट सांगितली. खुशीत होते, नक्कल करून दाखवली: रुमाल घेतला, गाठ मारली, टेबलाच्या कडेवरून पळवला.

आईचा चमचा हवेतच थांबला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच रचलं."

"करडा कोट पण?"

"कोट पण. का गं?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. परत आली ती रिकाम्या हाताने. मला वाटलं, देवाच्या घरात खोटं बोलले म्हणून रागावली. तिच्या रागाला मी लहानपणापासून ओळखते: तो आवाज करत नाही, फक्त जेवण थंड होतं.

जाताना दारात तिने विचारलं, "आणि लोकांना दिसते ती?"

मला जरा मिरवावंसं वाटलं. म्हणाले, "म्हणतात खरे. ग्राट्सच्या एका मास्तरीणबाईला दिसली. अगदी शपथेवर सांगत होती." ही मास्तरीणबाईही मीच रचलेली.

"मग गेली ती," आई म्हणाली.

"कोण?"

"ट्राम गेली तुझी. पळ."

ट्राम यायला अजून अवकाश होता.

२८ ऑक्टोबर

आजचं लगेच लिहून ठेवते.

मिखाएल चर्चच्या तळघरातल्या वाळलेल्या प्रेतांना भेटून आम्ही ओडिलियाला पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. दहा-बारा लोक. मी गोष्ट सुरू करण्याआधीच, म्हणजे भूत हा शब्दही उच्चारला नव्हता, उट्रेख्टची एक बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "त्या मुलीला थंडी वाजत असेल. तिला कुणी आत का घेऊन जात नाही?"

"कुठल्या मुलीला?"

"होती आत्ता. मागच्या बाकावर." तिने वळून बघितलं. "गेली वाटतं. आपल्याकडे बघतही नव्हती. पुढून तिसऱ्या बाकावर डोळे लावून बसली होती. पण तिथे तर कुणीच नाहीये."

आधीच्या एखाद्या फेरीतल्या माणसाने हिला हॉटेलात गोष्ट सांगितली असेल. असंच असणार. पण तिसऱ्या बाकाचं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. ते माझ्या गोष्टीतच नाही.

क्रात्कीला विचारलं, तुम्हाला कधी काही दिसलं का? तो म्हणाला, "बाईसाहेब, मला इथे जिवंत माणसंसुद्धा दिसत नाहीत."

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आईबरोबर बाबांच्या थडग्यावर. सगळं स्मशान दिव्यांनी भरलेलं, फाटकाशी भाजलेल्या चेस्टनटचा धूर. आईने दोन मेणबत्त्या घेतल्या. एक बाबांची. दुसरी घेऊन ती मधल्या मोठ्या क्रुसापाशी गेली. ज्यांचं थडगं कुठे आहे ते ठाऊक नसतं, त्यांच्यासाठी लोक तिथे दिवा लावतात.

"कुणाची?" मी विचारलं.

"एकीची."

"ब्रनोच्या मावशीची?"

"हं, तिचीच समज."

वाऱ्याने ती मेणबत्ती विझत होती. आई गुडघ्यांवर बसून, तळव्यांचा आडोसा करून, पुन्हा पुन्हा लावत राहिली. बाबांची कधीच विझली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई ओल्या मातीत बसलेली. मी म्हटलं, "आई, पुरे आता, गारठशील."

"मला वाटायचं, असेल कुठेतरी," ती म्हणाली. "इतकी वर्षं तेच धरून होते."

ब्रनोची मावशी तर माझ्या लग्नाच्या वर्षीच गेली आणि आई स्वतः मातीला जाऊन आली होती. विसरायला लागलीय. डॉक्टरांशी बोलायला हवं.

११ नोव्हेंबर

क्रात्की दारातच हसत उभा. "तुमच्या भुताला भक्त मिळाली, बाईसाहेब. दुपारपासून येऊन बसलीय."

आत आई होती.

जी बाई माझ्या आठवणीत शहराच्या मधल्या भागातल्या कुठल्याही चर्चमध्ये पाऊल टाकत नव्हती, ओटाक्रिंगच्या आमच्या साध्या चर्चपलीकडे जिला देव नव्हता, ती पुढून तिसऱ्या बाकावर बसली होती. आणि तीही उलटी. वेदीकडे पाठ, एक हात बाकाच्या पाठीवर, तोंड मागच्या दाराकडे. माझे लोक तिच्याकडे बघून कुजबुजले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, हे काय? नीट बस."

"नीटच बसलेय. तू तुझं काम कर."

मी तिच्यासमोर गोष्ट सांगितली. दुसरा इलाज नव्हता. ती एकाग्र होऊन ऐकत होती. मुलगी तापाने गेली, या वाक्यापाशी तिने डोळे मिटले.

ट्राममध्ये तिने विचारलं, "ज्यांना दिसली, त्यांनी काय सांगितलं? आजारी दिसते का? अंगाने कशी आहे?"

"आई, अशी कुणी मुलगी नाहीये."

"ते मला कळतं गं. दिसते कशी, एवढंच विचारलं."

२५ नोव्हेंबर

दर गुरुवारी येते. तशीच उलटी बसते. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या वयात धर्म आठवतो, अडवू नका.

मागच्या आठवड्यात एका वर्तमानपत्रात माझ्या फेरीवर छोटा मजकूर आला. मथळ्यात रुमालाचा उंदीर. आता शनिवारीही जागा शिल्लक नसते. आज ब्रेमेनच्या एका नवराबायकोला ती दिसली. दोघांना एकदम. नवरा म्हणाला, "पोरगी त्या आजींकडे बघत होती. नात आहे का त्यांची?"

आईने ते ऐकलं. तिने फक्त मान हलवली, जशी ओळखीच्या बातमीवर हलवतात.

मी रचलेली गोष्ट आहे. हे मी इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगायची आता सोय नाही.

२ डिसेंबर

आई पडशाने अंथरुणात, आली नाही. बरं झालं.

गटात एक धिप्पाड बाई होती. पन्नाशीची, केस लालसर रंगवलेले, अंगात पुरुषी जाकीट. सगळी फेरीभर शेवटी चालत होती आणि तळघराच्या पायऱ्यांवर जोरजोरात श्वास घेत होती. ओडिलियात मी गोष्ट सांगितली. लोक पांगले. ती थांबली. शेवटच्या बाकावर जाऊन बसली, अगदी कोपऱ्यात. तिच्या वजनाने बाक करकरला.

"गोष्ट चांगली सांगता," ती म्हणाली. "पण मला मारून कशाला टाकलंत?"

"म्हणजे?"

"मी मेलेले नाही. मला नुसता संधिवात आहे."

मी हसले. ती हसली नाही, मग हसली. म्हणाली तिचं नाव एडेलट्राउड, सगळे ट्राउडल म्हणतात. क्रेम्सजवळ राहते, शाळेची बस चालवते. सासूबाईंना वर्तमानपत्रात माशाची डोकी गुंडाळायची सवय, त्यात तिला उंदीर दिसला. "नऊ वर्षांची होईपर्यंत मी इथे होते. मग सिस्टरांनी मला एका द्राक्षमळेवाल्याकडे दिलं. तिथे पोटभर खायला मिळालं, त्याचा पुरावा तुमच्यासमोर आहे. पण उंदराचं तुम्हाला कुणी सांगितलं? ते फक्त एका मुलीला ठाऊक होतं."

"मीच रचलं."

"नाही हो." तिने माझ्याकडे नीट बघितलं. गाईला बघावं तसं, शांतपणे. "तुमची आई तिथे बसायची, तिसऱ्या बाकावर. निळी टोपी. तुम्ही तिच्या खांद्यावर, तोंड मागे. दोन-तीन वर्षांच्या असाल. मी उंदीर पळवला की खदखदून हसायचात. सगळं चर्च वळून बघायचं. एक ती सोडून."

"माझी आई लहानपणी कधी मला इथे..."

"ती कधीच वळली नाही," ट्राउडल म्हणाली.

मग तिने बसची वेळ झाली असं सांगितलं आणि एका तिकिटाच्या मागे टेलिफोन नंबर लिहून माझ्या हातात ठेवला.

५ डिसेंबर

वर्तमानपत्रात काही आलं की असली माणसं येतातच. राजवाड्यात वर्षातून एकदा तरी कुणीतरी बादशहाचा अनौरस वारस यायचा. हीही तसलीच. मठातली एखादी मुलगी आईच्या ओळखीची असली, तर यात विशेष ते काय? आई दयाळू आहे, अनाथ मुलींना खाऊ देत असेल. पण मग वळायची का नाही? खाऊ देणारी बाई वळते.

आईला विचारणार होते. ती खोकत होती. राहू दे म्हटलं.

त्या बसवाल्या बाईचं कपाळ आईसारखं आहे. मोठी कपाळं व्हिएन्नात पुष्कळांची असतात.

१६ डिसेंबर

आई पुन्हा येऊ लागली. आज तिने माझा हात धरून विचारलं, "तापाने गेली असं तू सांगतेस. ताप किती दिवस होता? जवळ कुणी होतं का?"

माझ्या पर्समध्ये ते तिकीट होतं. मी म्हणाले, "सिस्टर होत्या. रात्रंदिवस."

"बरं झालं," आई म्हणाली आणि डोळे पुसले.

हे मी का केलं? खरं सांगायचं तर मला बहीण नकोय. लिहिला एकदाचा शब्द. अठ्ठेचाळीस वर्षं मी एकुलती होते. नवरा गेला, नोकरी गेली, पण आईची मी एकटीच होते. त्या बाईचे हात केवढाले आहेत. ती आली की घर भरून जाईल.

२४ डिसेंबर

मासा तळला, बटाट्याचं सॅलड केलं, झाडाला मेणबत्त्या लावल्या. आईने तिसरं ताट मांडलं. बाबांचं असेल म्हणून मी काही बोलले नाही. पण त्या ताटाशी तिने छोटा काटा ठेवला. मुलांचा असतो तसा.

"आई, हे कुणाचं?"

"आज कुणाला उपाशी ठेवू नये."

ती माशातले काटे काढत होती. काढलेला तुकडा त्या ताटात ठेवत होती. पुन्हा काढत होती, पुन्हा ठेवत होती. स्वतः काही खाल्लं नाही. तिच्या दुखण्याचं औषध, ते तिकीट, माझ्या पर्समध्ये होतं, आणि मी ते तिथेच ठेवून दुसऱ्यांदा सॅलड वाढून घेतलं.

घरी येऊन फोन लावला. बसवाल्या बाईच्या मागे पुष्कळ माणसांचा गलका होता, कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होतं. मी म्हणाले, "गुरुवारी या. ती असते."

"ती म्हणजे?" तिने विचारलं. मग म्हणाली, "हो. कळलं."

३० डिसेंबर

जमेल तितकं जसंच्या तसं लिहिते.

मी आज फेरी ठेवली नव्हती. क्रात्कीने दार उघडून दिलं आणि काही न विचारता निघून गेला. आई तिसऱ्या बाकावर, उलटी. मी खांबाशी उभी. आईला मी काही सांगितलं नव्हतं. चार वेळा सुरुवात केली होती.

ट्राउडल आली. ओले बूट दाराशी आपटले. पुढे यायची हिंमत झाली नसावी. ती सरळ तिच्या कोपऱ्यात गेली आणि शेवटच्या बाकावर बसली.

दोघी एकमेकींकडे तोंड करून. मधे सगळे रिकामे बाक.

आई उठली. बाकांना धरत धरत मागे गेली. आई तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, जरा सरकता का? तिथे एक मुलगी बसते."

ट्राउडल तिच्याकडे बघत राहिली. मग सरकली. एवढी मोठी बाई, अंग चोरून चोरून बाकाच्या मधल्या वाटेकडच्या टोकापर्यंत आली. आई वळसा घालून पलीकडच्या बाजूने गेली आणि भिंतीशी बसली. मधे एका मुलीपुरती जागा.

आईने तळहात एकमेकांवर चोळले.

"तुम्ही कुणासाठी आलात?" आईने विचारलं.

"आईसाठी."

"गेली?"

"अजून कळलं नाही," ट्राउडल म्हणाली.

आईने मान हलवली. "थंडी आहे," ती म्हणाली.

"आहे."

मी पुढे होणार होते. सगळं सांगून मोकळी होणार होते. पण त्या दोघी मधल्या जागेकडे तिरप्या नजरेने अशा बघत होत्या की तिथून आवाज करून जाणं मला जमलं नाही. थोड्या वेळाने ट्राउडल उठली. माझ्याजवळून जाताना तिचा चेहरा ओला होता. पुटपुटली, "पुढच्या गुरुवारी येते. बस चालवणाऱ्याला थांबायची सवय असते."

३१ डिसेंबर

शहर सकाळपासून फटाके उडवतंय, नवं सहस्रक म्हणे. मी आईकडे गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. "कालची ती बाई..."

"माहीत आहे," आई म्हणाली. ती बटाटे सोलत होती. "दारातून आली तेव्हाच ओळखलं. माझ्या आईसारखी चालते. डावा पाय विचार करून टाकते."

मी खुर्ची ओढली. "मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? मधे ती बसली होती ना."

"आई, ती मुलगी मी रचलीय. खरी मुलगी ती, काल आलेली. जिवंत आहे, बस चालवते."

"ती जिवंत आहे, देवाची कृपा. पण तिथे मी नऊ वर्षांची सोडली होती." तिने बटाटा पाण्यात टाकला. "आणि तू कशी रचशील? तू तर तिच्याकडे बघून हसायचीस. मी तुझं हसणं ऐकूनच समजायचे की आज ती बरी आहे."

मग तिने सांगितलं. मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं, सुरीने साल काढत, मान खाली. युद्ध संपलं त्या वसंतात शहरात रशियन शिपाई होते. ती वीस वर्षांची. "पुढचं विचारू नकोस." हिवाळ्यात ट्राउडल झाली. चौथ्या वर्षी बाबा भेटले. "तुझे बाबा वाईट नव्हते. ते म्हणाले, तिच्याकडे बघितलं की मला ते दिवस दिसतात. मलाही दिसायचे गं. पण मला तीही दिसायची." ठरलं असं, की पोरीला ओडिलियाच्या वसतिगृहात ठेवायचं; रविवारी तिथे जायचं, पण तिच्याशी बोलायचं नाही, बघायचं नाही. "आणि वळले असते ना, तर उठून तिच्याजवळ गेले असते. मग परत कुठे आले असते?"

एका रविवारी माझं हसणं ऐकू आलं नाही. सिस्टरांना विचारलं, तर चांगल्या घरी गेली, एवढंच म्हणाल्या. आई त्यानंतर तिथे गेली नाही. ती आहे असं समजून जगली, माझ्या गोष्टीने तिला मारेपर्यंत.

मी तिचे पाय धरले. हे आमच्यात कुणी करत नाही, मला काय सुचलं कोण जाणे. तिने मला उठवलं आणि म्हणाली, "हात ओले आहेत माझे, तुझा स्कर्ट खराब होईल."

६ जानेवारी २०००

तीन राजांचा सण. पोरं कागदी चांदणी लावलेली काठी घेऊन दारोदार गात फिरत होती. आम्ही दुपारी पोचलो. ट्राउडल आधीच आली होती. चर्चबाहेर, रस्त्यापलीकडे आपल्या छोट्या गाडीला टेकून उभी. आत ये म्हटलं तर मान हलवली. "आज त्या लहानगीचा नंबर आहे," म्हणाली.

आई आत गेली. तिसऱ्या बाकापाशी थांबली नाही. सरळ शेवटच्या बाकाशी गेली, भिंतीकडच्या कोपऱ्यालगत बसली आणि बोलू लागली. मी दारात होते. मला शब्द कळत नव्हते. मधेच ती थांबायची, ऐकल्यासारखी. एकदा हसली. एकदा काही नीट करावं तसे हवेत हात फिरवले, जणू कुणाच्या कोटाचं बटण लावतेय. क्रात्की माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली. त्याने कुणासाठी काढली ते मी विचारलं नाही. नंतर मात्र तो म्हणाला, "थंडी आत येतेय, दार लोटू का?" आणि लोटलं नाही.

किती वेळ गेला ठाऊक नाही. खिडक्या करड्या झाल्या.

आई उठली. मधल्या वाटेने दाराकडे निघाली. तिचा उजवा हात अंगापासून थोडा दूर होता, बोटं किंचित मिटलेली, कमरेपेक्षा जरा वर. ती सावकाश चालत होती, आपल्यापेक्षा छोट्या पावलांशी पावलं जुळवून. त्या काळोखातल्या पायरीशी थांबली, खाली बघितलं, वाट पाहिली, मग उतरली.

माझ्याजवळून गेली. मी बाजूला झाले. नको तितकी जागा सोडून बाजूला झाले.

रस्ता ओलांडताना तिने दोन्हीकडे पाहिलं. ट्राउडल गाडीपासून दूर झाली, ताठ उभी राहिली. एवढ्या दुरून मला तिचा श्वास दिसत होता. आई तिच्यासमोर पोचली, आणि तो हात, तसाच, बोटं न उघडता, तिच्यापुढे धरला.

ट्राउडलला काय दिसलं मला माहीत नाही. मला विचाराल तर तिथे हवेखेरीज काही नव्हतं. पण ती वाकली. आपला केवढा तरी हात तिने आईच्या हाताखाली नेला, आणि अगदी हळू, झोपलेलं मूल एकीच्या कडेवरून दुसरीने घ्यावं तसा, तो हात घेतला.

"चल," आई म्हणाली. ती कुणाशी बोलली ते कळलं नाही. पण तिने मान वळवून थेट ट्राउडलच्या तोंडाकडे बघितलं आणि बघतच राहिली.

मी मागच्या सीटवर बसले. ट्राउडलला एका हाताने गाडी चालवावी लागली, कारण दुसरा आई सोडत नव्हती. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ओटाक्रिंग येईपर्यंत मी तिथे पर्स ठेवली नाही.